इटलीला जाऊन रोम नाही?

इटलीतली बघण्यासारखी शहरं कोणती, असं विचारायला गेलं की उत्तर संपतच नाही. रोम, फ्लॉरेन्स, व्हेनिस, मिलान, नेपल्स, सिएना, व्हेरोना, लुका, पिसा, रावेन्ना.. खाली सरकत राहा, यादी चालूच. जागतिक वारसा स्थळांच्या यादीत जगात सगळ्यात जास्त ठिकाणं इटलीची आहेत म्हणे, आणि दोन आठवडे नकाशा घेऊन बसल्यावर त्याचं मला काही आश्चर्य वाटत नाही. खरा प्रश्न असतो तो म्हणजे कुठली शहरं सोडायची. तो मात्र कुठलीही यादी सोडवून देत नाही. 'दहा सर्वांत सुंदर शहरं' लिहिणाऱ्याला आमच्या आईचे गुडघे ठाऊक नसतात, आणि आप्पांच्या गाई तर नाहीच नाही.

तर गाईंपासूनच सुरुवात करतो.

आमचं गाव वडगाव रासाई. शिरूर तालुका, भीमेच्या काठाला, पलीकडे दौंड. ऊस, कांदा आणि दूध, यावर चालणारं गाव. गावाची देवी रासाई, तिच्यावरूनच नाव. आई-आप्पा मळ्यात राहतात, गोठ्यात लहानमोठी अकरा जनावरं. या अकरा जनावरांमुळे माझे आई-वडील लग्नाला सेहेचाळीस वर्षं होऊनसुद्धा एकत्र असे कधी चार दिवस बाहेर गेलेले नाहीत. आई वारीला गेली की आप्पा घरी. आप्पा लग्नाला गेले की आई घरी. माझ्या पुण्याच्या घराच्या वास्तुशांतीला दोघं आले होते, पण संध्याकाळच्या धारेला आप्पा परत. गाईंना काय, रविवार नसतो.

आता चुलतभावानं शब्द दिला की मे महिन्यात दहा दिवस दोन्ही वेळचं दूध, चारा, पाणी मी बघतो. दहाच. अकराव्या दिवशी त्याच्या मेहुणीचं लग्न आहे. म्हणजे 'इटली, दहा रात्री' हा आकडा विमान कंपनीनं ठरवलेला नाही, गोठ्यानं ठरवलेला आहे. आणि असे दहा दिवस पुन्हा कधी मिळतील याची कोणी हमी देत नाही. आई सदुसष्ट, आप्पा बहात्तर. पासपोर्ट दोघांचेही पहिलेच. व्हिसाच्या कागदांत आप्पांचा सातबारा जोडला, इंग्रजी भाषांतरासकट. 'ऊस' या नोंदीचं भाषांतर वाचून आप्पा बराच वेळ हसत होते, साहेबाला सगळं कळायला पाहिजे म्हणून.

माणसं सहा. आई, आप्पा, मी, बायको, आमची बारा वर्षांची लेक आणि ताई. मेव्हण्यांनी 'तुम्ही जा, मी घर बघतो' असं सांगून अंग काढून घेतलं. सहा माणसांच्या सहा इटल्या होत्या, हे पहिल्याच रविवारी कळलं.

आईची इटली म्हणजे व्हेनिस. कारण अगदी साधं आहे. १९७९ साली 'द ग्रेट गॅम्बलर' नावाचा सिनेमा आला होता, त्यात अमिताभ बच्चन आणि झीनत अमान व्हेनिसमध्ये गोंडोल्यात बसून जातात आणि नावाडी गातो. आईनं तो सिनेमा लग्नानंतर दौंडला बघितला. थिएटरात बघितलेल्या हाताच्या बोटांवर मोजण्याएवढ्या सिनेमांपैकी एक. "रस्त्याच्या जागी पाणी असतंय खरं का?" हे ती तेव्हापासून विचारतेय. लेकीची इटली म्हणजे पिसाचा मनोरा, त्याला हातानं टेकू दिल्याचा फोटो. बायकोची इटली समुद्रकाठच्या रंगीत घरांची, चिंक्वे तेर्रे. ताई शाळेत इतिहास शिकवते, तिची इटली म्हणजे रोम, बाकी सगळं नंतर. माझी सिएना होती, पण मला कोणी फार विचारलं नाही :)

आप्पा म्हणाले, "तुमी म्हणाल तिकडं."

आमच्या घरात या वाक्याचा अर्थ 'मला काहीतरी हवंय पण मी सांगणार नाही' असा होतो.

मी मग नोकरी करणाऱ्या माणसासारखा एक तक्ता केला. रोम ते फ्लॉरेन्स वेगवान रेल्वेनं दीड तास, फ्लॉरेन्स ते व्हेनिस दोन तासांच्या आसपास, व्हेनिस ते मिलान अडीच तास. कागदावर सगळं जवळजवळ वाटतं. पण ताईनं (शिक्षिकाच ती) तक्ता बघून शांतपणे एक हिशेब मांडला. शहर बदलायचं म्हणजे सकाळी बॅगा भरायच्या, खोली सोडायची, स्टेशन गाठायचं, गाडी, मग नवीन शहरात खोली मिळेपर्यंत बॅगा कुठं ठेवायच्या हे बघायचं. सहा माणसं आणि आईचे गुडघे धरून याला अर्धा दिवस मोजायचा, जास्तच. पाच शहरं केली तर दोन-अडीच दिवस नुसते स्टेशनांवर. "म्हणजे आपण इटली बघणार नाही, इटलीची वेटिंग रूम बघणार," ती म्हणाली.

तीन मुक्काम, जास्त नाही, असं तिथं ठरलं. आणि तिथंच तिनं स्वतःचं रोम खोडलं.

मी विरोध केला. मनापासून केला. रोम म्हणजे काही 'अजून एक शहर' नाही. तिथलं पँथिऑन बघा, दुसऱ्या शतकातली काँक्रीटची घुमटी, आतून त्रेचाळीस मीटरहून जास्त रुंद, सळई नाही, खांब नाही, आणि आजही डोक्यावर शाबूत. कोलोसियम आहे, मायकेलअँजेलोनं रंगवलेलं सिस्टिन चॅपेलचं छत आहे. पण रोमचं दुखणं असं की ते दोन दिवसांत होत नाही, आणि जे बघायचं ते चालून, रांगेत उभं राहून, ओबडधोबड दगडी फरशीवरून बघायचं. आई संध्याकाळपर्यंत खुर्ची शोधत फिरणार आणि 'माझ्यामुळं तुमचं राहिलं' असं म्हणत राहणार. ताईचं म्हणणं, मी रोम एकटी बघेन कधीतरी, आठ दिवस राहून, एकेक दगड वाचत. या दोघांना घेऊन नाही.

आप्पांनी यात अनपेक्षित बाजूनं भर घातली. रोम किती जुनं, म्हणून त्यांनी विचारलं. ताईनं सांगितलं की परंपरेनं स्थापनेचं साल ख्रिस्तपूर्व ७५३ मानतात. आप्पा म्हणाले, "मग आपलं इनामगाव?" आता इनामगाव आमच्याच तालुक्यात, घोड नदीच्या काठी. डेक्कन कॉलेजच्या लोकांनी १९६८ पासून १९८३ पर्यंत तिथं उत्खनन केलं. सांकलिया, ढवळीकर ही मोठी नावं त्यात होती. आप्पा तरुणपणी सायकलवरून ते खड्डे बघून आले होते. तिथली सगळ्यात जुनी वस्ती ख्रिस्तपूर्व १६००च्या सुमाराची, म्हणजे रोमच्या आधी आठशे वर्षं घोडनदीच्या काठी लोक घरं बांधून राहत होते, सातू पिकवत होते. ही तुलना अन्यायाची आहे, मला मान्य आहे. इनामगावात पँथिऑन नाही. पण रोम खोडल्याचं ताईचं दुःख त्या दिवशी थोडं कमी झालं एवढं खरं.

पुण्यातले मित्र मात्र अजून सोडत नाहीत. "इटलीला जाऊन रोम नाही?" जो तो विचारतो. पंढरपूरला जाऊन विठ्ठल नाही, अशा चेहऱ्यानं.

व्हेनिस पक्कं होतं. त्यावर चर्चा झालीच नाही, फक्त खर्चाचं बघायचं होतं. स्वस्तात करायचं तर लोक मेस्त्रेला, म्हणजे मुख्य जमिनीवर राहतात आणि रेल्वेनं दहा मिनिटांत व्हेनिसला येतात. बरेच जण फक्त दिवसभरासाठी येतात. इतके येतात की २०२४ पासून व्हेनिसनं गर्दीच्या ठरावीक दिवशी दिवसापुरत्या पाहुण्यांवर प्रवेशशुल्क लावलं. मुक्कामी राहणाऱ्यांना ते माफ. मी हिशेब केला, बायकोनं केला, आणि दोघांचंही मत एकच झालं की व्हेनिस बेटावरच राहायचं. रात्री दिवसभराची गर्दी ओसरल्यावर रस्त्याच्या जागचं पाणी दिसायला हवं. आईनं ते सेहेचाळीस वर्षं डोक्यात ठेवलंय, त्याचं दर्शन दुपारी बाराच्या गर्दीत कशाला? फक्त एक, व्हेनिसमध्ये चारशेच्या वर पूल आहेत आणि बहुतेकांना पायऱ्या. म्हणून खोली स्टेशनजवळ, सार्वजनिक बोटीच्या थांब्याला लागून घेतली. महाग पडली. असो.

गोंडोल्याचं वेगळंच झालं. ठरवून दिलेला सरकारी दर दिवसा अर्ध्या तासाला नव्वद युरो. आईला रुपयांत सांगितलं, नऊ हजारांच्या वर. आई गप्प झाली आणि मग म्हणाली, "एवढ्यात शेळी येती की." पण दर माणशी नाही, अख्ख्या नावेचा आहे हे कळल्यावर जरा खुलली. मग कळलं की २०२० पासून एका गोंडोल्यात पाचच माणसं बसवतात, पूर्वी सहा चालायची. आणि आम्ही बरोबर सहा! लगेच आप्पा म्हणाले, "मी काठाला थांबतो. नाव काय मी बघितली न्हाई का?" आई त्यावर काही बोलली नाही, पण तिचा चेहरा बघून ताईनं जाहीर केलं की काठावर ती थांबणार आणि फोटो काढणार. अमिताभच्या जागी आप्पाच बसणार. आप्पांना हे वाक्य आवडलं नसावं, ते उठून गोठ्याकडे गेले. आवडलंही असेल.

आता फ्लॉरेन्स.

फ्लॉरेन्सवर माझा जीव आधीपासून होता, पण तो चित्रांमुळे, पुतळ्यांमुळे. मायकेलअँजेलोचा पाच मीटर उंच डेव्हिड, उफीझी संग्रहालय, कॅथेड्रलचा तो घुमट. आप्पांना यातलं काय सांगणार? मी सांगितलं ते कोल्हापूरच्या राजाराम महाराजांचं. कोल्हापूरचे छत्रपती, वय वीस. १८७० साली इंग्लंडला जाऊन, राणी व्हिक्टोरियाला भेटून युरोपातून परत येत होते. फ्लॉरेन्समध्ये आजारी पडले आणि ३० नोव्हेंबर १८७० ला तिथंच गेले. फ्लॉरेन्स तेव्हा इटलीची राजधानी होती. हिंदू पद्धतीनं दहन करायचं तर गावात तशी सोय नाही, प्रथा नाही. परवानगी काढली, आणि आर्नो नदीला जिथं मुन्योने नावाची लहान नदी मिळते त्या जागी, शहराच्या टोकाला, चिता रचली. अस्थी नदीत सोडल्या. पुढं १८७४ मध्ये तिथं छत्री उभी राहिली, आत महाराजांचा रंगीत अर्धपुतळा, डोक्याला पगडी, खाली चार भाषांत मजकूर. छत्रीचा आराखडा ज्या चार्ल्स मँटचा, त्यानंच पुढं कोल्हापूरचा नवा राजवाडा बांधला. शाहू महाराजांचा जन्मही त्याच १८७४ सालचा. कासीने बागेच्या पश्चिम टोकाला ही छत्री आजही आहे. तिथले लोक त्या जागेला नुसतं 'इंदियानो' म्हणतात, आणि जवळ आर्नोवर १९७८ साली नवा पूल झाला त्याचं नावही त्यावरूनच पडलं. महाराजांची प्रवासातली रोजनिशी १८७२ मध्ये लंडनहून पुस्तकरूपात निघाली.

हे सगळं मी सांगत होतो तोवर आप्पा पेंड भिजवत होते. थांबले. म्हणाले, "संगम कुणी शोधला?"

मला प्रश्न लगेच कळला नाही. मग कळला. आमच्या माणसाला संगमावरच्या छत्रपतींच्या समाधीचं काही नवल नाही. आमच्याच भीमेला वरच्या अंगाला तुळापूरला इंद्रायणी मिळते, तिथं संभाजी महाराजांचं स्मारक, आणि जवळच वढू बुद्रुकला समाधी. वढू तर आमच्याच तालुक्यात. दरवर्षी गावातून लोक जातात. आप्पांना नवल होतं ते याचं की परमुलखात, भाषा येत नाही, आपलं कोणी नाही, वीस वर्षांचा राजा गेला, आणि बरोबरच्या माणसांनी रडतारडता आधी दोन नद्या कुठं मिळतात ते विचारलं असणार.

त्यांची स्वतःची इटली सापडली होती. फ्लॉरेन्सला चार रात्री, कारण पिसा तिथून रेल्वेनं तासाभरावर, म्हणजे लेकीचा फोटोही होईल. आणि आईच्या गुडघ्यांना एक दिवस नुसता बसायला.

उफीझीचं तिकीट काढायचं का, यावर मात्र बायको साशंक होती. तीन तास चित्रं बघत आप्पा काय करतील? मला तेव्हा कुठंतरी वाचलेली एक गोष्ट आठवली आणि ती आप्पांना सांगायलाच हवी होती. १९४४ च्या उन्हाळ्यात लढाई फ्लॉरेन्सच्या दाराशी आली, तोवर उफीझीतली चित्रं बाँबच्या भीतीनं आसपासच्या खेड्यांतल्या वाड्यांमध्ये हलवलेली होती. त्यातल्या मोंतेगुफोनीच्या वाड्यात मराठा पलटणीचा मुक्काम पडला, आणि तिथल्या दालनांत भिंतीला टेकवून ठेवलेली ही चित्रं सापडली. बोत्तिचेल्लीचं 'प्रिमावेरा' त्यात होतं, ज्याच्यासमोर आज माणसं खांद्याला खांदा लावून उभी असतात. मग त्या चित्रांवर आपल्या जवानांचा पहारा बसला.

"आबांची पलटण व्हती का?" आप्पांनी विचारलं.

आबा म्हणजे आप्पांचे थोरले चुलते. मराठा लाइट इन्फंट्रीत होते आणि इटलीच्या लढाईत होते. मी लहान असताना गेले, मला त्यांची फक्त पत्र्याची ट्रंक आठवते, त्यात पुढं कित्येक वर्षं आजीनं गोधड्या ठेवल्या. आप्पांनी त्यांना बघितलंय, ऐकलंय. आबा इटलीबद्दल दोनच गोष्टी सांगत, चिखल आणि खेचरं. डोंगरात गाड्या चालत नसत म्हणून दाणागोटा खेचरांवर जाई. आणि चिखल असा की भीमेचा गाळ परवडला. व्हेनिस नाही, फ्लॉरेन्स नाही, एका शब्दानं कुठल्या सुंदर शहराचं नाव नाही. जगातल्या सगळ्यात देखण्या देशात वर्ष-दीड वर्ष राहून आलेला माणूस, पण त्याला इटली विचारली की तो चिखल सांगायचा.

आबांची तुकडी नेमकी कुठली, ते आता सांगणारं कोणी नाही. पण आप्पांच्या प्रश्नामुळे आमचा तिसरा मुक्काम हलला. तोवर तिसरा मुक्काम समुद्रकाठच्या रंगीत घरांचा होता.

इटलीच्या मोहिमेत चौथी, आठवी आणि दहावी अशा तीन भारतीय डिव्हिजन होत्या, पन्नास हजारांच्या आसपास माणूस. पाच हजारांच्या वर परत आले नाहीत. दोन मराठी नावं तर शाळेत शिकवायला हवीत अशी आहेत. रायगडातल्या पळसगावचे नाईक यशवंत घाडगे, १० जुलै १९४४, वरच्या तिबर खोऱ्यात. सोबतचे सगळे पडले तरी मशीनगनच्या मोर्चावर एकटे चालून गेले आणि तिथंच गेले. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस. २०२३ मध्ये त्यांच्या नावानं इटलीतल्या मोंतोने गावानं सूर्यघड्याळाचं स्मारक उभारलं. दुसरे, आमच्या शेजारच्या नगर जिल्ह्यातल्या निमजचे शिपाई नामदेव जाधव, ९ एप्रिल १९४५, सेनियो नदी. नदीच्या उंच बांधावर शत्रूचे मोर्चे, त्यांनी दोन जखमी सोबत्यांना एकेक करून पाठीवर पाण्यातून, सुरुंगातून मागं आणलं, मग परत जाऊन मोर्चे उडवले आणि बांधावर उभं राहून गर्जना करत मागच्यांना बोलावलं. ते मात्र जिवंत परतले. व्हिक्टोरिया क्रॉस त्यांनाही मिळाला.

सेनियोच्या त्याच पट्ट्यात फोर्ली नावाचं गाव आहे. सुंदर शहरांच्या कुठल्याही यादीत नाही. तिथं भारतीय सैनिकांची युद्धदफनभूमी आहे. आत एक वेगळं स्मारक आहे, ज्यांचं दफन न करता दहन केलं अशांचं. जवळजवळ आठशे नावं. राजासाठी एक संगम शोधला होता, आणि पाऊणशे वर्षांनी त्याच देशात इतक्या चिता पेटल्या.

फोर्लीला जायचं तर मुक्काम कुठं? बोलोन्याला. रेल्वेनं फार लांब नाही. आणि बोलोन्याचं वाचत गेलो तसतसं वाटायला लागलं की हे शहर आमच्यासाठीच बांधलंय. या शहरात रस्त्यांच्या कडेनं सलग कमानींचे पडवीवजा पदपथ आहेत, नुसत्या जुन्या गावठाणात अडतीस किलोमीटर. २०२१ मध्ये त्यांना जागतिक वारसा म्हणून मान मिळाला. ऊन नाही, पाऊस नाही, बहुतेक ठिकाणी सपाट, गुळगुळीत फरशी. आईच्या गुडघ्यांच्या दृष्टीनं इटलीतलं सर्वांत सुंदर शहर हेच, माझ्या मते यावर वाद होऊ नये. शिवाय १०८८ पासूनचं विद्यापीठ, त्यामुळे ताई खूश. शिवाय वाकडे मनोरे दोन! त्यातला गरिसेंदा तर पिसाच्या मनोऱ्याएवढाच कललेला. इतका, की २०२३ मध्ये घाबरून आसपासची जागा बंद केली. लेकीला सांगितलं, पिसाला न जाता इथंच टेकू दे. ती म्हणाली, "बाबा, वर्गात कोणाला कळणार आहे हा कुठला मनोरा?" पिसा राहिलं.

आणि बोलोन्यापासून पार्मा तासाभराच्या आत. इथं आप्पांचं ते 'तुमी म्हणाल तिकडं' पहिल्यांदा मोडलं. पार्माच्या परिसरात पार्मेसान चीज होतं. एका मोठ्या चाकासारख्या गोळ्याला साडेपाचशे लिटरच्या आसपास दूध लागतं, तो गोळा साधारण चाळीस किलोचा, आणि कमीत कमी बारा महिने ठेवून पिकवायचा. रात्रीच्या धारेचं दूध ठेवून त्यावरची साय काढतात आणि सकाळच्या ताज्या दुधात मिसळतात, तांब्याच्या मोठ्या हंड्यांत तापवतात. गाई? बऱ्याच आमच्यासारख्याच, होल्स्टिन. हे ऐकून आप्पा सावरून बसले. फॅट किती लागते, भाव काय, रोज दूध कोण उचलतं. मग मी सांगितलं की या चीजच्या नियमांत गाईला मुरघास घालायला बंदी आहे.

"मुरघास न्हाई? मग उन्हाळ्यात काय घालत्यात?"

वाळलेलं गवत आणि लसूणघास. आप्पांनी गेल्या पाच वर्षांत मुरघासावर किती पैसे घातलेत ते मला माहीत आहे, त्यामुळे त्यांच्या चेहऱ्याकडे मी बघितलं नाही. पण तेव्हापासून रोज एकदा विचारतात, ती डेअरी किती वाजता दाखवतात. सकाळीच, चीज सकाळी होतं. "मग लवकर निघायला पायजे," असं ते आतापासून म्हणतायत. तिकडच्या गोठ्यांवर कामाला कितीतरी पंजाबी माणसं आहेत, नोवेल्लाराला २००० साली झालेला मोठा गुरुद्वारा आहे, म्हणजे आप्पांना हिंदीत दोन प्रश्न विचारायला माणूसही मिळेल.

आई माळकरी. पार्मेसान तिला चालणार नाही, कारण ते वासराच्या जठरातल्या विरजणानं लावतात आणि त्यालाही नियमात पर्याय नाही. हे मी आधीच सांगून ठेवलं. तिनं यादी केलीय, भगर, शेंगदाण्याची चटणी, मेतकूट, दशम्या पहिल्या दोन दिवसांपुरत्या. "तुमी खावा तुमचं चाक," म्हणाली.

बायकोचं चिंक्वे तेर्रे गेलं. तिनं फार काही म्हटलं नाही, म्हणून मला जास्त लागलं. मी म्हटलं, फ्लॉरेन्सहून एक दिवस जाऊन येऊ. ती म्हणाली, "नको, त्या दिवशी आई बसणार आहेत ना, मी पण बसेन. मला कधी बसायला मिळतं?"

तर व्हेनिस तीन रात्री, फ्लॉरेन्स चार, बोलोन्या तीन. मिलानला उतरायचं आणि तिथूनच परत, मिलान बघायचं नाही. तिकिटं झाली, खोल्या झाल्या.

आता रोज संध्याकाळी फोन होतो तो बारीकसारीक गोष्टींचा. परवा आईनं विचारलं, महाराजांच्या छत्रीपाशी वाहायला भीमेचं पाणी न्यावं का बाटलीत. मागून आप्पांचा आवाज आला, "पुण्याचं काय काय आलंय त्या पाण्यात, ते महाराजांवर घालता व्हय?" खरंय. रांजणगाव सांडसला मुळा-मुठा मिळते आणि तिच्याबरोबर सगळं पुणं येतं. मी पुण्यातच राहतो, मी काही बोललो नाही. शेवटी रासाईचं हळदकुंकू पुडीत बांधून न्यायचं ठरलं.

मग आप्पा स्वतः फोनवर आले. क्वचित येतात. फोर्लीच्या दिवशी अजून काय काय ठेवलंय, म्हणाले. मी सांगितलं की सकाळी फोर्ली, तासाभरात होईल, मग दुपारी रावेन्नाला जाऊ, तिथं रंगीत काचतुकड्यांची पंधराशे वर्षांपूर्वीची चित्रं आहेत, ताईला बघायची आहेत.

"नावं किती म्हणालास?"

"आठशेच्या जवळ."

"सगळी वाचायची म्हणल्यावर तासात कशी व्हतील?"

रावेन्ना काढून टाकलंय. ताईला कालच सांगितलं.